कापलेलं परत लावता येतं

चौकसराव हे त्याचं खरं नाव नव्हे. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याला तो प्रश्न विचारी, म्हणून मेहुण्याने ठेवलेलं. समोरच्या इमारतीत सॉफ्टवेअरवाल्यांचं ऑफिस होतं आणि ती मंडळी केस कापायला इथेच येत. मान कात्रीखाली असली की माणूस उत्तरं टाळत नाही. कोणी दाढीच्या फेसातून त्याला लूप समजावला, तर कोणी केस धुता धुता डेटाबेस. अशा रीतीने काही वर्षांत चौकसराव प्रोग्रामिंग शिकला. पदवीच्या जागी दाखवायला त्याच्याकडे सलूनच्या वेळा ठरवणारं, स्वतः लिहिलेलं एक ॲप होतं.

आज त्याच ऑफिसात मुलाखत होती. निघताना सलूनचा मालक, म्हणजे तोच मेहुणा, म्हणाला, "दाजी, आता पुरे. जमलं तर जमलं, नाहीतर उद्यापासून नुसते केस. गिऱ्हाइकं कंटाळलीत. एकही प्रश्न विचारायचा नाही!"

नोकरी हुकली असती तर चौकसरावाने सोसलं असतं. पण दिवसभर एवढी डोकी हातात यायची आणि आत काय चाललंय ते विचारायचं नाही, हे काही त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

मुलाखत घ्यायला तिथल्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी त्याच्या अर्जाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"शिक्षणाच्या रकान्यात काहीच नाही."

"विचारून विचारून शिकलो, मॅडम."

"कोणाला?"

"तुमच्याच लोकांना."

बाईंनी काचेपलीकडे पाठमोऱ्या बसलेल्या, व्यवस्थित कापलेल्या मानांकडे एकवार पाहिलं आणि विषय बदलला. बसची तिकिटं देणारा त्यांचा जुना प्रोग्राम त्यांनी पडद्यावर उघडला. पडद्यावरच्या बसच्या नकाशात डाव्या बाजूला आसनांची एक रांग कमी दिसत होती. "दुरुस्त करा," म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या.

चौकसरावाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सवयीने उजवीकडची एक रांग काढली. ती जरा जास्तच गेली. म्हणून डावीकडे थोडं कमी केलं. पुन्हा उजवीकडे. बाई परत आल्या तेव्हा बसमध्ये चालक आणि दोन प्रवासी एवढीच जागा उरली होती.

"हे काय केलंत?"

"सारखं केलं."

"अहो, रांग परत आणायची होती!"

"मॅडम, एक बाजू आखूड झाली की दुसरी कमी करायची. कापलेलं थोडंच परत लावता येतं?"

"लावता येतं की!" बाईंनी दोन बटणं दाबली. गेलेल्या सगळ्या रांगा मुकाट्याने जागेवर येऊन बसल्या. "इथे प्रत्येक बदल जपून ठेवलेला असतो. कोणी केला, कधी केला, आधी काय होतं, सगळं."

चौकसराव पडद्याकडे बघतच राहिला. आजवर त्याने आपल्या ॲपमधली प्रत्येक ओळ श्वास रोखून खोडली होती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं. असं काही असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अजून मागे जाता येतं?"

"पार सुरुवातीपर्यंत."

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि एकेक जुना बदल उघडून वाचू लागला. मुलाखत चालू आहे हे तो साफ विसरला. "हा माणूस घाईत होता बघा, अर्धवट कापून पळालाय... आणि इथे एकानेच ओळ काढली न् त्यानेच परत घातली. मधे कोणीतरी झापलं असणार."

"तुम्हाला दुसऱ्याचं वाचायचा कंटाळा येत नाही?"

"आधीच्याने काय कापलंय ते बघितल्याशिवाय कात्री कशी लावणार, मॅडम?"

बाईंच्या हाताखाली पदव्यांची कमतरता नव्हती. मात्र प्रत्येकाला सगळं नव्याने लिहायचं होतं. ज्या जुन्या प्रोग्रामवर सगळ्यांचे पगार निघत, त्याच्या वाटेला कोणी जाईना. त्यावर बसवलेला शेवटचा माणूस जेवायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही.

"परीक्षेत तर तुम्ही सपशेल नापास," बाई म्हणाल्या. "पण याच्या देखभालीला माणूस हवाय. वाचायचं, विचारायचं, आणि मगच हात लावायचा. सुरुवातीला कच्ची नेमणूक. सोमवारी येता?"

चौकसराव पडद्यावरून नजर हलवेना. हा आता पगारावरून ताणणार, असं बाईंना वाटलं.

"अहो, नोकरी देतेय तुम्हाला!"

"हो हो, येतो ना... पण मॅडम, ही डावीकडची रांग या माणसाने मुळात काढलीच का असेल?"

बाईंनी पडद्यावरची ती नोंद पुन्हा वाचली. चहा बाजूला ठेवून त्यांनीही खुर्ची ओढली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, "बघू."