रिकामी न होणारी बाटली

सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात १९७६ साली नव्या बाळांना ताप येऊ लागला आणि नेहमीची इंजेक्शनं काही लागू पडेनात. डॉक्टर शिवशरणांनी औषध बदललं, पुन्हा बदललं. दोन बाळं गेली. तिसरं आजारी पडलं ते तिथल्याच आयाचं, गंगम्माचं, नातवंड.

प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे तंत्रज्ञ विजयमालानं बाळाच्या रक्तातले जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि त्यांवर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध चालत असेल, तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं पडतं. सकाळी कडं दिसलं ते एकट्या जेंटामायसिनभोवती. बाकीच्या टिकल्यांना जंतू पंगतीत बसावं तसे खेटून बसले होते.

"ते पुण्याहून मागवतो," डॉक्टर म्हणाले. "पण हे जंतू येतात कुठून?"

विजयमालानं वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूचे नमुने घेतले. पाळणे, चमचे, नळ निर्दोष सुटले. तेच जंतू सापडले जंतुनाशकाच्या बाटलीत. त्यात भिजवलेल्या कापसानं बाळांची बेंबी पुसत.

"गंगम्मा, ही बाटली कधी धुतली होती?"

"धुवायला ती रिकामी कुटं होती? तळाला आली की वरनं भरते. बाळंतिणीच्या खोलीत रिकामं भांडं ठिवत न्हाईत, बाई. एवढं शिकलात, हे म्हाईत न्हाय व्हय?"

"तळाच्या औषधात जे जंतू तगतात, तेच वाढतात. वरून कितीही भरा." विजयमालानं दोन बश्या पुढे केल्या. "ही बाटलीतली. ही तुमच्या नातवाची."

गंगम्मानं त्या आलटूनपालटून पाहिल्या.

"दोन्ही एकच की."

"हो."

"म्हंजे माज्याच हातनं."

गंगम्मानं बाटली उचलली. "धुते. पर रिकामी आत ठिवणार न्हाय."

"दोन बाटल्या करू. भरलेली आत आली की मगच जुनी बाहेर. परसात ओतायची, धुवायची, उकळायची."

"असं आदी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून औषध आलं. तीन दिवस बाळ नुसतंच पडून होतं. चौथ्या दिवशी गंगम्मा परसात चुलीवर बाटली उकळायला ठेवून बसली असताना वॉर्डातून खणखणीत रडणं ऐकू आलं.

"तुमचाच आहे," विजयमाला म्हणाली. "जा ना!"

"वळकला," गंगम्मा पातेल्यावरची नजर न काढता म्हणाली. "उकळी तर फुटू द्या."