माणसाळलेला विषाणू

प्रयोगशाळेत तिला सगळे 'जोडी जमवणारी बाई' म्हणत. लाळ्या-खुरकुताचा विषाणू सारखा रूप पालटतो, आणि हातातली लस त्याला ओळखते की नाही हे तपासायचं काम तिचं. आजारी गाईच्या जिभेवरच्या फोडातून आलेला विषाणू बाटलीत वाढवायचा आणि लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातून काढलेलं सीरम त्यावर सोडायचं. विषाणू गप्प बसला की जोडी जमली. यंदाही जमली होती. तिने तसं कळवलं, लस गोठ्यागोठ्यांत गेली, आणि धाकट्या भावाने फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "डोळे मिटून टोच."

आता त्याच्याच गोठ्यात गाई लाळ गाळत होत्या.

चूक सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या बाटलीला बुरशी लागली म्हणून तिने पुढची वापरली होती, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा वाढवत नेलेला विषाणू असलेली. बाटलीत सगळं आयतं मिळायला लागलं की विषाणूही माणसाळतो, गोठ्यातला दांडगेपणा विसरतो. नवशिक्यालाही हे पाठ असतं. तिने माणसाळलेल्यावर लस आजमावली आणि मोकाट फिरणाऱ्याची हमी दिली. साहेबांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. ताजा नमुना आणा, पुढची लस त्यावर बेतू." रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण दात काढल्यावर गाल असतो तशी ती आतून बधिर होती.

प्रयोगशाळेतल्या माणसाने गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, अंगावरून रोग जाईल, असा नियम. म्हणून इतकी वर्षं भावाकडे गेली की ती फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसे, आणि तो आतून ओरडून एकेका गाईचं कौतुक सांगे. आज रोगच आत होता. तिला अडवायला काही उरलं नव्हतं.

भाऊ फाटकाशीच उभा होता.

"ताई, वासरं गेली. सगळी. दूध पिता पिता कोसळली. लस वाटेत गरम झाली असणार, नाही का गं? त्या गाडीवाल्याला मी सोडत नाही बघ."

सुटायची वाट त्यानेच मोकळी करून दिली होती. फक्त मान हलवायची होती.

"गाडीवाल्याचा काही दोष नाही," ती म्हणाली. "लस चांगलीच होती. ती या विषाणूवरची नव्हती. तपासताना मी घोळ घातला."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यामुळे गेली."

त्याने फाटकाची कडी काढली. त्याने शिवी घातली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, पण तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं, लांबून. तिने गमबूट चढवले, हातमोजे घातले. आत गाई एकेक पाय उचलून झटकत होत्या. वासरांच्या बादल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. तांबड्या गाईच्या जिभेवरचा फोड अजून फुटला नव्हता. नमुन्याला हवा असतो अगदी तसा. तो पाहून तिला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची किळस आली.

भावाने गाईची मान काखेत धरली, जबडा हळूच उघडला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

"घ्या मॅडम," तो म्हणाला. "काय घ्यायचं ते लवकर घ्या. दुखतंय तिला."