टोमॅटोंच्या वशिल्याने वाचलेला मेस्किट

मित्रांनो, मी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचा एक जुना मेस्किट, म्हणजे इथल्या वाळवंटातलं काटेरी झाड आहे, आणि टोमॅटोचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

मला कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. वाळवंटात उगवलो, मुळं खोल नेली आणि माझं मी भागवलं. घर, कुंपण, अंगण हे सगळं माझ्यानंतर आलं. त्या घरात अपर्णा राहायला आली आणि तिने नेमके माझ्या पायाशी टोमॅटो लावले. काय ते नाजूक प्रकरण! सकाळ-संध्याकाळ पाणी हवं, खत हवं, टेकायला काठी हवी, आणि एवढं करून जरा ऊन लागलं की मान टाकायची. तरी कौतुक त्यांचंच.

यंदा अपर्णाचे वडील, राजारामकाका, लातूरहून तिच्याकडे आले. मला बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, ही तर वेडी बाभूळ! आमचे सगळे बांध खाल्ले हिने. तोडून टाक."

"बाबा, हे मेस्किट आहे. इथलं नेटिव्ह झाड."

"नाव बदललं म्हणून काटे बदलतात का? टोमॅटोला ऊन नको का?"

ज्यांना मी आणि त्यांच्याकडची वेडी बाभूळ, माझी चुलत बहीण, यांतला फरक कळत नाही, त्यांनी माझा निवाडा करावा! पण वडिलांपुढे अपर्णाचं काही चाललं नाही. झाड कापणारा माणूस आला आणि माझी पश्चिमेची मोठी फांदी गेली. बुंधा पुढच्या शनिवारी पाडायचं ठरलं. मला दुखलं, भीतीही वाटली. ओरडायची सोय झाडाला नसते.

मग टूसॉनच्या जूनमधल्या उन्हाने आपला हिसका दाखवला. उघड्या पडलेल्या बाजूचे टोमॅटो रोपावरच शिजले, साली पांढऱ्या पडल्या. काकांनी आधी पाण्याला दोष दिला, मग खताला, शेवटी अमेरिकेला. माझ्याकडे वर बघायला काही त्यांची मान तयार होईना.

शुक्रवारी अपर्णा टोमॅटो तोडायला बसली. लालबुंद, धड टोमॅटो निघाले ते फक्त माझ्या उरलेल्या सावलीतले.

"बघा बाबा. शेड होती तिथलेच टिकले."

"योगायोग," काका म्हणाले. म्हणाले तेही माझ्याच सावलीत खुर्ची ओढून!

अपर्णाने माझ्या वाळलेल्या शेंगा तोडायला घेतल्या. त्यांचं पीठ करून ती थालिपिठात घालते.

"शेळ्यांचं खाणं खातेस?" काका हसले.

तिने एक शेंग मोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तोंड वाकडं करून ती चघळली. तोंड सरळ झालं. गोडी लागली होती, पण कबूल कोण करणार? त्यांनी दुसरी उचलली.

"उद्याचं कॅन्सल करू ना?" अपर्णाने फोन हातात घेत विचारलं.

"कर. पण माझ्या टोमॅटोंसाठी कर हं, ह्या बाभळीसाठी नव्हे."

मित्रांनो, जीव वाचला. पण वाचला तो त्या मान टाकणाऱ्या भाजीच्या वशिल्याने! तुमच्या अंगणात एखादं जुनं झाड असेल तर ते त्याच्या स्वतःसाठी राखा. आणि तेवढं मन नसेल, तर निदान त्याच्या सावलीत बसून त्याला नावं ठेवू नका.