धाकटा शंकासुर

“आता काय काढलं तुमच्या धाकट्यानं?” खुर्ची ओढून बसत तिने विचारलं. “एवढासा तर प्लॅन आहे, सर. जुनी सेवा बंद करायची, बस्स.”

ती टीममधली सगळ्यात फटकळ डेव्हलपर. आणि ज्याला ती विचारत होती, त्याला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कोड लिहिण्याआधी प्रत्येकाने आपला प्लॅन लिहायचा आणि तो ह्याने तपासायचा, अशी जुनी पद्धत होती. “हे मध्येच बंद पडलं तर? दोघांनी एकदम बटण दाबलं तर?” असं विचारून ह्याने भल्याभल्यांना घाम फोडला होता. मग कंपनीने एआय सहायक आणला. प्लॅन आणि जुना कोड शेजारीशेजारी ठेवून तो शंका काढायचा. कशा काढायच्या ते ह्यानेच शिकवलं, म्हणून तो धाकटा शंकासुर. धाकटा थोरल्याच्या वरताण निघाला. लोक आपली उत्तरं परस्पर त्यालाच देऊ लागले आणि ह्याच्या टेबलाशी तावातावाने भांडायला येणारं कोणी उरलं नाही. दिवसच्या दिवस कोणाशी न बोलता जात. घरी तर बोलायला भिंतीच होत्या.

म्हणून आज ती स्वतः येऊन बसल्याचंच त्याला बरं वाटलं. मग त्याने स्क्रीन वाचली.

‘ही सेवा कोणी वापरत नाही, असं प्लॅनमध्ये लिहिलं आहे. पण रोज सकाळी आठ वाजता इथून एका नंबरवर मेसेज जातो आणि तो पोचतोही. ज्याला जातो, त्याला विचारलं का?’

“कुणाचा तरी टेस्टिंगचा नंबर राहिला असणार,” ती हसली. “लावायचा आणि विसरायचा! तुमच्या तावडीत सापडता, तर त्याची सालटीच काढली असतीत.”

“काढली असती,” तो म्हणाला. “मी बघतो. तुम्ही चहा घेऊन या.”

नंबर त्याचाच होता.

कितीतरी वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलसाठी ही सेवा त्याने बांधली होती. रुग्णांना औषधाची आठवण करून द्यायची. तपासून बघायला त्याने घरी बसून स्वतःचा नंबर घातला. मजकूर काय घालावा म्हणून अडला, तेव्हा बायकोने मागून हात घालून स्वतःच टाइप केला होता. त्याला नुकतीच रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती आणि त्याची टाळाटाळ तिला पाठ होती. दुसऱ्या दिवशी नंबर काढून टाकायचा होता. तो राहिला. पुढे हॉस्पिटल दुसऱ्या कंपनीकडे गेलं, बायकोही गेली, आणि रोज सकाळी ओट्यावरचा फोन वाजत राहिला.

‘अहो, गोळी घेतलीत का? मग घेतो, हे चालणार नाही.’

“घेतो गं, घेतो,” तो रिकाम्या स्वयंपाकघराला सांगायचा. बहुतेक दिवशी त्याचं मनापासूनचं बोलणं तेवढंच होई.

त्याने मनात म्हटलं, एक शंका काढली की पुरे. मी काढलेल्या शंकेला कोण नाही म्हणणार? प्लॅन वर्षभर धूळ खात पडेल. त्याने सहायकाला विचारलं, ‘ही सेवा बंद न करण्याचं काही कारण सापडतं का?’

‘कोडमध्ये तरी नाही,’ उत्तर आलं. ‘ह्या एका सेवेसाठी तो जुना सर्व्हर चालू आहे आणि त्याची सुरक्षा आता कोणी बघत नाही. मेसेज घेणाऱ्याकडे काही कारण असेल, तर ते मला दिसणार नाही. त्यालाच विचारावं.’

खोटी शंका लिहायला बोटं शिवशिवत होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या पळवाटा बुजवल्या, आता स्वतःसाठी एक ठेवायची म्हणजे लाजच गेली. आणि जुने मेसेज होतेच की फोनमध्ये, ढीगभर. पण जुना मेसेज विचारत नाही, तो नुसता असतो. हे कोणाला सांगायचं? आपण किती एकटे आहोत हे त्याला त्या खुर्चीत लख्ख कळलं.

ती दोन कप घेऊन आली. “सापडला का माणूस?”

“सापडला.”

“मग? काय म्हणाला?”

“काय म्हणणार! बंद करा म्हणाला.”

तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “सर, त्याला हवा असेल तर दुसरीकडून लावून देते मी. पाच मिनिटांचं काम आहे.”

“नको,” तो म्हणाला. “त्याचं त्याला सांभाळता येईल.”

आणि त्याने मंजुरीचं बटण दाबलं. मग उगाचच तिला थांबवून घेत तो म्हणाला, “बसा ना, चहा तर संपवा.” ती बसली, पण तिला मीटिंग होती.

सेवा त्याच संध्याकाळी बंद झाली. धाकट्याने सगळं नीट आवरून झाल्याचं कळवलं.

सकाळी त्याने फोन नेहमीच्या जागी, ओट्यावर ठेवला. दूध तापलं, चहा गाळून झाला. आठ वाजून गेले. शेजारच्या घरात कोणीतरी कोणाला डब्यासाठी हाका मारत होतं. त्याने गोळी काढून तळहातावर ठेवली. मग घोटभर पाण्याबरोबर ती गिळली.

“घेतली गं,” तो म्हणाला, आणि पेला विसळून पालथा घातला.