पहिला रिपोर्ट

वायरमनने मुलीला पाठीवर सावरलं आणि जिन्यातच शिवणवाल्या काकूंपुढे तळहात धरला.

"लावा पैज. रक्त तपासतील तेव्हा रिपोर्टमध्ये काही निघालं, तर अख्खा जिना मी पुसतो, सगळ्यांसमोर. नाही निघालं, तर तुम्ही."

"पोरीच्या पोटावर पैज लावताय? लाज बरी." काकूंनी टाळी दिली, पण थोबाडीत द्यावी तशी.

जिन्यातल्या चपलांवरून दोघांचं कायमचं वाजलेलं. दरवाज्यांतून माना बाहेर आल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

गणिताची परीक्षा आली की मुलीचं पोट दुखायचं. वायरमनला ते नाटक पाठ होतं. या खेपेला दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलंय, असं बायको सांगत होती. त्याने ते कानाआड केलं.

दवाखान्यात काकूही हजर.

"तुम्ही कशाला?"

"पैज लावलीय मी. बघायला नको?"

रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी नॉर्मल, सूज दाखवणारा आकडाही नॉर्मल. वायरमनने तो मोठ्याने वाचला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

"फडकं शोधून ठेवा, काकू."

डॉक्टरीणबाईंनी मुलीचं पोट हलकेच दाबलं. तिने पाय आखडून घेतले.

"दुखणं आत्ताच सुरू झालंय. इतक्यात रक्तात दिसेलच असं नाही. थांबा. संध्याकाळी परत रक्त घेऊ, सोनोग्राफी करू."

"परत सुई? काही नाही म्हणतोय ना कागद?" त्याने मुलीला उचललं. "चल गं, नाटक संपलं."

काकू दारात आडव्या झाल्या.

"सरका."

"पैज जिंकलात ना? मग पोरीला ठेवा खाली."

"मुलगी माझी आहे."

"तिच्याकडे बघूनच हात आवरलाय मी."

बायकोने मुलीला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा खाटेवर निजवलं.

संध्याकाळच्या रक्तात पेशी भराभर चढल्या होत्या. सोनोग्राफीत अपेंडिक्स टरारलेलं दिसलं. ऑपरेशन करून बाहेर आलेले सर्जन म्हणाले, घरी नेली असतीत तर आत फुटलं असतं. वायरमन भिंतीवरचा स्विचबोर्ड बघत राहिला.

मुलगी घरी आली त्या सकाळी तो बादली घेऊन जिन्यात गेला. काकू बाह्या सारून आधीच वरच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी दारादारांत उभे.

"उठा काकू. हरलो मी."

"तुम्ही कसले हरताय? रिपोर्टमध्ये काही नव्हतं. तुम्हीच वाचून दाखवलंत."

"दुसऱ्यात निघालं ना."

काकूंनी फडकं पिळलं.

"दुसरा कुठे काढू देत होतात तुम्ही?"

कोणी हसलं नाही. काकू एकेक पायरी पुसत खाली आल्या, त्याच्या पायापाशी थांबल्या.

"पाय उचला."

त्याने एक उचलला. मग दुसरा.