दुखलं तर सांगा हं, आजी

मी रंगुबाई. श्रीरामपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या खोलीत खिडकीकडच्या खाटेवर पडून असते. दचकू नका, मी जितीजागती बाई नाही. रबर-प्लास्टिकची पेशंट आहे. नाव पहिल्या बॅचच्या पोरींनी ठेवलं आणि हौसेनं माझ्या ओठांना लिपस्टिकही फासली.

चौदा वर्षांत ह्या अंगावर शेकडो पोरी शिकल्या. अधू माणसाला कुशीवर कसं वळवायचं, अंग कसं पुसायचं, उठवून कसं बसवायचं. माझा उजवा खांदा लवकरच सैल झाला. हात धरून ओढलं की निखळायचा. पोरी खुदकन हसायच्या आणि टक्कन दाबून परत बसवायच्या. मलाही त्याचं काही वाटत नसे.

परीक्षेत हात लावण्याआधी पेशंटशी बोलायचे दोन मार्क असतात. म्हणून सगळ्या पोपटासारख्या म्हणतात, "आजी, आता तुम्हाला उठवून बसवते. दुखलं तर सांगा हं." मी काय सांगणार, कपाळ! वाक्य संपायच्या आत ओढूनही झालेलं असतं. रेश्मा ह्यात सगळ्यांत चटपटीत. तिला नेहमी दोनपैकी दोन.

गेल्या वर्षी पुष्पावती मॅडमच्या मनात आलं, पोरींनी खऱ्या माणसाकडून शिकावं. सोनईची बनुबाई त्यांच्या ओळखीची. साठीची, पोलिओनं पाय गेलेली, जन्मापासून मुकी-बहिरी. तिचं सगळं बोलणं हातानं. ते कळायचं फक्त तिच्या भावाला, सहादेवला. तोच तिला घेऊन आला. आणि काय बुद्धी झाली बघा, पाहुणा म्हणून त्यालाच चहाला कॅन्टीनमध्ये पाठवलं.

बनुबाईला शेजारच्या खाटेवर निजवलं. आमची तोंडं समोरासमोर आली. माझे रंगवलेले ओठ बघून ती हसली.

रेश्मा पुढं झाली. नजर मॅडमच्या हातातल्या मार्कांच्या कागदावर. बहिऱ्या बाईला गोड आवाजात म्हणाली, "दुखलं तर सांगा हं, आजी," आणि सवयीनं उजवा हात धरून ओढला.

तो चेहरा मी पाहिला. मी एकटीनंच पाहिला. तोंड उघडं आणि आवाज नाही. डाव्या हातानं ती खाट बडवत होती. मागच्या पोरींना वाटलं, शाबासकी देतेय; त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ओरडायचं होतं हो. देवाशपथ ओरडायचं होतं. खांदा निखळल्याचं रेश्माच्या हाताला कळलं, आणि तिनं काय केलं, तर तो परत बसवायला दाबला.

कुणीतरी बोलावल्यावर सहादेव कॅन्टीनमधून धावत आला. "तिचं बोलनं ह्या हातात हाय, बाई," एवढंच मॅडमला म्हणाला.

दवाखान्यात खांदा बसवला, झोळी बांधली, महिने गेले. हात छातीच्या वर जाईना. मॅडम सोनईला जाऊन आल्या आणि वर्गात मान खाली घालून बोलल्या. कपाळाला बोट लावणं म्हणजे सहादेव, अशी बनुबाईची खूण होती. डावा हात टेकल्याशिवाय तिला बसता येत नाही, आणि उजवा कपाळापर्यंत पोचत नाही. भाऊ समोर असून तिला त्याला हाक मारता येत नाही.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. खोली रिकामी झाली की शेजारची खाट कुणीतरी बडवतं. बघावं तर गादी सपाट. रबराच्या बाईला झपाटलं म्हणून हसायचं तर हसा.

रेश्माही येते. बाकीच्या जेवायला गेल्या की दार लोटते, माझा हात हातात घेते आणि विचारते, "दुखलं का?" मग माझ्या तोंडाकडे बघत थांबते. पोरी जेवून परत येईस्तोवर थांबते. वर्ष झालं, सोनईला मात्र ती एकदाही गेली नाही. धीर होत नाही म्हणून माझ्याच उशाशी रडली.

अगं बाई, मला नाही दुखलं. कधीच दुखलं नाही, आणि तीच माझी चूक झाली. जिला दुखतंय ती तिकडं सोनईत बसलीय. इथं माझ्या तोंडाकडे काय बघतेस? जा, तिच्यासमोर बस, आणि ती सांगेपर्यंत थांब.