तिसऱ्या टाकीतली मामी

डॉक्टरांचे छापून आलेले निबंध दोन जातींचे होते. निम्मे माणसांच्या आतड्यांवर, निम्मे माशांच्या. त्यामुळे इस्पितळातले लोक त्यांना मासेवाला म्हणत आणि माशांचे शास्त्रज्ञ त्यांना कंपाउंडर समजत. दोन्ही जातींचे निबंध मायेने जपणारा वाचक जगात एकच, त्यांचा थोरला भाऊ. दादा हॉटेलात मुख्य आचारी होता. निबंधातलं ओ की ठो त्याला कळत नसे, पण नवा अंक आला की तो हातावर तोलून बघे आणि म्हणे, "छोट्या, हा मागच्यापेक्षा भरलाय."

मग दादाच्या जठरात गाठ निघाली. जठर सगळंच काढावं लागेल, सर्जन म्हणाले. काढलं तर माणूस वाचेल.

"पोट नसलेला आचारी कोण ठेवील?" दादा म्हणाला. "टकला न्हावी एकवेळ लोक चालवून घेतील."

वहिनींनी रडून बघितलं, मग अबोला धरून बघितला. शेवटी दिराला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं छापता. त्यात घरच्या माणसाला पटेल असं काहीच नाही का?"

होतं. डॉक्टर दादाला प्रयोगशाळेच्या तळघरात घेऊन गेले. ओली फरशी, पंपांची घरघर, भिंतीला लागून काचेच्या टाक्या.

"हे कार्प मासे. यांना जठरच नसतं. घसा संपला की थेट आतडं."

"आणि जगतात?"

"मजेत. फक्त एकदम खात नाहीत. दिवसभर थोडं थोडं."

"मग मी आजवर काय केलं? चव बघायच्या नावाखाली हेच की!"

तिसऱ्या टाकीत फाटक्या शेपटीची एक मासळी होती. ती खालून यायची, दाणा उचलायची आणि आपला काही संबंध नसल्यासारखी मागे फिरायची. दादाने काचेला नाक लावलं.

"ही तर आपली मामी! कुणाकडे गेली की 'मला काही नको हं' म्हणायची आणि जाताना डबा रिकामा."

कित्येक दिवसांनी दोघं भाऊ हसले. त्याच संध्याकाळी दादाने संमतीच्या कागदावर सही केली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण जठर गेलं की भूकही जाते. घड्याळ बघून खावं लागतं. दोन चमचे जास्त गेले की दादाला दरदरून घाम सुटे, छाती धडधडे. प्रत्येक वाटीआधी तो प्रयोगशाळेत फोन करी.

"छोट्या, मामी खातेय का?"

डॉक्टर मान वळवून तिसऱ्या टाकीकडे बघत. "खातेय."

"मग आण गं," दादा वहिनींना म्हणे, आणि वाटी संपवी.

असा तो हळूहळू चालण्याइतका सुधारला आणि एका सकाळी, कुणाला न सांगता, वहिनींचा हात धरून तळघरात उतरला. तिसऱ्या टाकीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"मामी कुठंय?"

"ही काय," डॉक्टर म्हणाले. "तिसरी टाकी."

"हिच्यात फाटक्या शेपटीचं कुणी नाही."

"अच्छा, ती होय! तो गट मागेच संपला. हा नवा."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे... आतडी तपासली. प्रयोग पुरा झाला की तपासावीच लागतात."

"आजारी होती?"

"छे, ठणठणीत! तुलनेला निरोगीच लागतात." हे डॉक्टर थोड्या अभिमानाने म्हणाले. माशांच्या कामात टाकीला नंबर असतो, माशाला नसतो. फोनवर ते एकदाही खोटं बोलले नव्हते. तिसरी टाकी रोज खातच होती.

दादाने मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाला. तो कधी कुणाला वाईट वाटू देत नसे.

त्या दिवसापासून फोन बंद झाला. वाटी यायची, गार व्हायची, परत जायची. डॉक्टर रोज येऊन समजावत, चमचा पुढे करत, चिडत.

"दादा, तुझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत! तू एकदम ठणठणीत आहेस!"

"तेच म्हणतो मी," दादा हसून म्हणाला. "आता मी कितव्या टाकीत रे?"

वहिनी चमचा काढून घेत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जा आता."

दादा वाळत वाळत एक दिवस गेला. गाठ परत आलीच नव्हती. सर्जनांनी तो रुग्ण यशस्वी म्हणून मोजला आणि त्यावर निबंधही छापला. डॉक्टरांचा माशांचा निबंधही त्याच सुमारास आला. जाडजूड होता. वहिनींनी तो घरात ठेवून घेतला नाही.

तिसऱ्या टाकीत पुन्हा नवा गट आला आहे. मासे खाताहेत का, असं मदतनीस विचारतो, तेव्हा डॉक्टर काचेजवळ जाऊन वाकतात. बराच वेळ वाकतात. मग विचारतात, "कुठला?"